साठ हातांचा कडा, चाळीस हातांचे बैल

गहिनीनाथ ग्रीसला जाऊन आला याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. माणसानं कुठंही जावं. माझं म्हणणं एवढंच, की तो परत आला.

तीन वर्षं तो मालवाहू जहाजावर भांडी घासत होता. एकाहत्तर सालच्या संक्रांतीला तिसगावात एसटीतून उतरला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक लोकरी कोट आणि एक गोष्ट होती. पेटी त्यानं आईला दिली. कोट थोरल्या भावाला दिला. गोष्ट मात्र त्यानं गावाला दिली, आणि तिथंच माझं नुकसान झालं.

कारण गावाला गोष्टी पुरवायचं काम चार वर्षांपासून माझ्याकडं होतं. आसाराम शिंप्याच्या दुकानात, मशीनशेजारच्या स्टुलावर मी बसायचो आणि बाकीचे बाकावर. माझ्या मामाच्या शेळीचं नाव मतदारयादीत कसं लागलं, आणि मतदानाच्या दिवशी ती केंद्राबाहेर रांगेत कशी शांत उभी होती, हे मी सांगायला लागलो की लोक चहा प्यायचे विसरत. एकदा तर ऐकता ऐकता आसारामनं पायजम्याला तिसरा पाय शिवला होता. एवढी माझी पत होती. शेती थोरला भाऊ बघतो, हिशेब वडील बघतात, माझ्याकडं बघायला तेवढं ते स्टूलच होतं.

गहिनीनाथची गोष्ट अशी. त्याचं जहाज दुरुस्तीसाठी ग्रीसच्या बंदरात अडकलं. बारा दिवस हाताला काम नाही. मग हा, गोव्याचा एक स्वयंपाकी आणि मलबारचा एक इंजिनवाला असे तिघं दोस्त पहाटेच्या गाडीनं डोंगरातले मठ बघायला गेले आणि त्याच दिवशी परत फिरले. तिथं डोंगर नाहीतच, नुसते दगडाचे खांब उभे. आपल्याकडं देवळाला खांब असतो, तिकडं खांबाला देऊळ. एकेका खांबाच्या शेंड्यावर पाच-सहाशे वर्षांचा मठ आणि मठात काळ्या कफनीतले दाढीवाले साधू. पूर्वी वर जायला वाट नव्हती. साधू असो, पाहुणा असो, कांदा असो, जाळ्यात घालायचा आणि वरून दोरानं ओढून घ्यायचा.

"आन् दोर तुटला म्हंजी?" आसारामनं विचारलं.

"मग नवा आनायचे," गहिनीनाथ म्हणाला.

लोक पाच मिनिटं हसले. मी मोजली.

"साधू खात्यात काय रं तिथं?"

"पाव. पालेभाजी. आन् एक हिरवं आंबट-कडू फळ असतं, लोनच्यातल्या भोकरावानी. मला दोन दिली. एक मी खाल्लं, एक इंजिनवाल्यानं खिशात ठिवलं. ते जहाजावर लई दिवस हुतं."

आता यात काय आहे? एक माणूस भोकर खातो. पण बाकावरचे आठ जण त्या दुसऱ्या फळाचं पुढं काय झालं म्हणून श्वास धरून बसलेले. मी म्हटलं, "आपल्या मढीला बी हायेत की साधू."

"मढी रोजचीच हाय, कारभारी," आसाराम म्हणाला. "जरा सरकून बस. गहिनीला टेकाया जागा न्हाई."

मी सरकलो. स्टुलावरून सरकायचं म्हणजे उठायचंच.

वाईट म्हणजे तो फुशारकी मारत नव्हता. मारली असती तर मी त्याला दोन दिवसांत खाली आणला असता. तो सावकाश बोलायचा, मधेच थांबून "कारभारी, तुझी ती शेळीची सांग की, माझ्यापरीस भारी हाय" म्हणायचा. मी सांगायचो. लोक ऐकायचे, पण पाहुण्यांच्या पोरीचं गाणं ऐकतात तसं. घरी आलो की माझ्या पोटात दुखायचं. आईनं ओवा दिला. ओवा चांगला होता, दुखणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मला फट सापडली. मी सहज विचारलं, "गहिनी, तू सोता बसला का रं त्या जाळ्यात?"

"न्हाई बा. आता दगडात पायऱ्या कोरल्यात. जाळ्यातून निस्तं सामान जातं."

"म्हंजी तू पायऱ्यांनी गेल्तास."

"पायऱ्यांनीच."

त्या रात्री मी ओवा न खाता झोपलो.

आमच्या गावापासून दोन कोसांवर धुनीगड आहे. नाथपंथी मठ, एक बुवा, एक दीपमाळ, एक धुनी. पुढून एकशेबारा पायऱ्या. मागून मात्र साठ हातांचा उभा कडा, भिंत बांधावी तसा. कड्यावरून आजवर कोणी वर गेलेलं नव्हतं, कारण पुढून पायऱ्या होत्या. मी ठरवलं की एका दिवसाची सहल काढायची, चौघं दोस्त, आणि मी जाळ्यात बसून वर जायचं. मग गहिनीनाथनं आयुष्यभर ग्रीस सांगावं. तो पायऱ्यांचा माणूस आणि मी जाळ्यातला.

ओढायला बैल लागणार होते. ते बाकावरच्या बन्सीकडं होते. बन्सीनं दिवाळीला विहिरीवर ऑईल इंजिन बसवलं आणि नऊ वर्षं मोट ओढणारे पवळ्या-हौश्या एका दिवसात बेकार झाले. इंजिन सुरू झालं की हौश्या त्याच्याकडं पाठ करून उभा राहायचा. मला त्याचं दुःख कळत होतं.

"मोटंत पानी असतं कारभारी," बन्सी म्हणाला. "मानूस कधी ओढला न्हाई."

"मानसात बी बहुतेक पानीच असतं. आन् तेवढाच त्यांचा हात चालता राहील."

"त्यांना हात न्हाईत."

"बन्सी, मी ढोबळ बोलतोय, तू बारकाव्यात शिरू नको."

माघातल्या एका सोमवारी आम्ही निघालो. गाडीत मी, बन्सी, आसाराम आणि गहिनीनाथ. बरोबर भाकरी, ठेचा, मोटेचं लाकडी चाक, मोटेचा जाड दोर, त्याला जोडलेला गाडीचा दोर आणि भुसा वाहायचं जाळं. गहिनीनाथला मी मुद्दाम घेतलं होतं. ज्याला दाखवायचं तो नको का बरोबर? तो वाटेत इतका खूश होता की मला कसंतरी झालं. "तिकडं गेल्तो तवा हेच मनात हुतं," तो म्हणाला, "की आपले दोस्त बरोबर पायजे हुते." बोलण्यात काही खोट निघाली नाही. मी शोधली.

गडाच्या मागं पोचल्यावर बन्सीनं बैल सोडले आणि गुराख्यांच्या वाटेनं फिरून वर माळावर नेले. कड्याच्या तोंडाशी दोन धोंड्यांत चाक बसवलं, दोर खाली सोडला. मी जाळं दोराला बांधलं. गहिनीनाथनं गाठ बघितली.

"ही सुटंल, कारभारी."

"सुटत न्हाई. मी म्हशीला हीच मारतो."

"म्हैस खाली पडत न्हाई," असं म्हणून त्यानं ती सोडून जहाजावरची गाठ मारली. माझ्या पराक्रमाची पहिली गाठच त्याची झाली.

मी जाळ्यात बसलो. मग आसारामनं खिशातून दाभण आणि सुतळी काढली. "तू वरून बाहीर पडू नयेस म्हनून तोंड शिवून घेतो," म्हणाला. शिंप्याला शिवू नको म्हणता येत नाही. त्यानं दुहेरी टीप घातली, टोक दातानं तोडलं आणि लांब उभं राहून काम कसं बसलंय ते बघितलं. मग तो आणि गहिनीनाथ पुढच्या बाजूनं पायऱ्या चढून वर गेले. खाली मी एकटा. माझी चढाई बघायला खाली कोणीच उरलं नव्हतं, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मी दोराला झटका दिला. वर बन्सीनं बैल हाकलले. जाळं ताणलं, मी गोळा झालो, आणि जमीन सुटली.

खरं सांगतो, ते दहा-वीस हात माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. खाली गाडी काडेपेटीएवढी झाली. एक घार माझ्या बरोबरीनं आली, तिनं जाळ्यात काय आहे ते बघितलं आणि निघून गेली. मी दुकानात काय बोलायचं ते जुळवत होतो. सुरुवात घारीपासून करायची, हेही ठरलं.

दोनतृतीयांश कडा झाला आणि जाळं थांबलं. वर काठ दिसत होता, आणखी वीस हात. मी वाट बघितली. थोड्या वेळानं जाळं हललं आणि सावकाश खाली जायला लागलं.

मोट ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीतून मोट वर काढताना बैल उताराच्या धावेवरून पुढं चालत जातात. मोट वर आली की ते थांबतात, पाणी ओतलं जातं, मग बैल उलट पावली मागं येतात आणि मोट परत विहिरीत जाते. बन्सीची विहीर चाळीस हात खोल. त्यामुळं पवळ्या-हौश्या नऊ वर्षं चाळीस हात पुढं गेले होते आणि चाळीस हात मागं आले होते, दिवसातून दोनशे वेळा. इतके तरबेज, की बन्सी बाभळीखाली झोपायचा आणि शेत आपोआप भिजायचं. आम्ही चौघांनी दोर मोजला, कडा मोजला, भाकरी मोजल्या. बैल कोणी मोजले नव्हते.

जाळं खाली टेकलं. मी शिवणीत बोट घातलं. आसारामच्या टिपेबद्दल गावात तक्रार का नाही, ते मला तिथं कळलं. एक टाका ढिला होतोय तोवर जाळं परत वर निघालं. चाळीस हात. थांबलं. माझ्यातलं पाणी ओतलं जाण्याइतका वेळ बैलांनी दिला. परत खाली.

"बन्सी!" मी ओरडलो. "अरं बन्स्या!"

वरून उत्तर आलं ते हसण्याचं. सात-आठ माणसांचं. सोमवारचे भाविक होते. चाळीस हातांवर पोचलो की मला वरचं थोडं थोडं ऐकू यायचं, आणि ऐकू यायचं ते गहिनीनाथचं. "...तर त्यो साधू म्हनतो कसा..." की मी खाली. परत वर आलो तर "...आन् मग त्या म्हाताऱ्यानं..." की मी खाली. तो मठाच्या बुवांना ग्रीस सांगत होता. बन्सी ऐकत बसला होता. बैल हाकायची गरज नव्हतीच, बैलांना सगळं येत होतं.

तिसऱ्या खेपेला काठावरून एक पांढरी दाढी डोकावली. मठाचे बुवा.

"कोन हाय ते?"

"मी कारभारी, तिसगावचा."

"वर या की."

"तेच चाललंय, बुवा."

"पायऱ्या पल्याडच्या अंगाला हायेत," बुवा म्हणाले आणि घाईनं परत गेले. बहुतेक गोष्टीतलं काही बुडत होतं.

पाचव्या खेपेला आणखी एक गोष्ट झाली, जी मी कबूल करायला नको. मी वर लटकलो होतो आणि वरून ऐकू आलं, "...पन्नास वर्सांत त्यो खाली उतरलाच न्हाई. मला म्हनला..." आणि जाळं खाली निघालं. तेव्हा मला पडण्याची भीती वाटली नाही. मला वाटलं, अरे थांबा, काय म्हणाला? पुढच्या क्षणी स्वतःचाच इतका राग आला की मी जाळ्याला चावलो.

सातव्या खेपेला माझा धीर सुटला. त्या वेळी मी जे ओरडलो ते इथं एवढ्यात सांगत नाही. ते वर मात्र सगळ्यांना ऐकू गेलं, कारण गहिनीनाथचं बोलणं थांबलं. काठावर ओळीनं डोकी आली. बुवा, आसाराम, बन्सी, भाविक, आणि मधे गहिनीनाथ.

"बन्सी, बैल फुडं दामट की!" आसाराम म्हणाला.

बन्सीनं दामटले. चाळीस हातांवर दोघांनी पाय रोवले. त्यानं शेपट्या पिळल्या, शिव्या दिल्या, शेवटी बाबापुता केलं. "त्यांची हीर चाळीस हाताची हाय," तो हताश होऊन म्हणाला. "त्याच्या फुडं त्यांच्यासाठी जग न्हाई."

मग सगळे गहिनीनाथकडं बघायला लागले. मी पण. मला दुसरीकडं बघायला जागाच नव्हती.

त्यानं काय केलं, तर मी आठव्यांदा चाळीस हातांवर आल्यावर काठाकडचा दोर जवळच्या दीपमाळेला तीन वेढे घालून आवळला. मी तिथंच अधांतरी थांबलो. मग त्यानं बैलांकडचं टोक सोडलं, बैल मागं आणून परत काठाजवळ उभे केले, आणि दोर तिथून नव्यानं त्यांना जोडला. "जहाजावर नांगर अडला की असंच करत्यात," तो भाविकांना सांगत होता. दीपमाळेचे वेढे सोडले. पवळ्या-हौश्या निघाले. त्यांच्या हिशेबानं ही नवी मोट होती. वीस हातांतच मी काठावर आलो, तेव्हा ते अर्ध्या रस्त्यावर होते आणि त्यांना थांबवताना चार माणसं लागली.

अशा रीतीनं धुनीगडाच्या कड्यावरून जाळ्यात बसून वर आलेला मी पहिला माणूस झालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गहिनीनाथच्या पाठीवर थापा मारल्या.

आसारामची कात्री खाली गाडीत राहिली होती. ती आणायला एक भाविक पायऱ्या उतरून गेला. तोवर मी जाळ्यातच होतो. बुवांनी भोकातून हात घालून मला खोबरं-साखर दिली आणि गहिनीनाथकडं वळले. "मग काय म्हनला त्यो म्हातारा?"

"विशीत जाळ्यात बसून वर आलता, बुवा. परत खाली गेलाच न्हाई. मला हात धरून बाजूला नेलं आन् हळूच इचारलं, खाली गावात रेल्वे आली का?"

बुवांनी हातातली खोबऱ्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "तू काय सांगितलं?"

"न्हाई म्हनलो. रेल्वेनंच तर आलतो आमी. पन त्याचं तोंड बघून न्हाई म्हनलो."

भाविकांतल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला. मी जाळ्यात खोबरं चावत बसलो होतो. गोष्ट चांगली होती. एवढी चांगली होती की मला कात्री उशिरा यावी असं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून त्याच्यावर आणखी जळलो.

दुसऱ्या दिवशी दुकान भरलं होतं. आसारामनं स्वतः स्टूल पुसून मला दिलं. "आज कारभारी सांगनार," गहिनीनाथ म्हणाला, "त्योच हुता जाळ्यात." मी घारीपासून सुरुवात केली. घार घेतली, काडेपेटीएवढी गाडी घेतली, वारा घेतला. एक जण जांभई देत म्हणाला, "कारभारी, तू जाळ्यात हुतास, तुला काय दिसनार? वर काय चाललं हुतं ते गहिनीला सांगू दे."

गहिनीनाथनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, म्हणजे ती हलली.

त्यानं सांगितलं. बैल, बन्सी, बुवांची दाढी, दीपमाळ. सांगता सांगता तो कधी बैल व्हायचा, कधी दोर. लोक बाकावरून खाली आले. मला त्या जाळ्यातल्या माणसाची काळजी वाटायला लागली. तो वर गेला की मी पुढं सरकायचो, खाली आला की मागं. त्याचं सगळ्या गावाला कौतुक होतं आणि मला त्याचा हेवा वाटायला लागला. मग सातवी खेप आली, आणि गहिनीनाथ म्हणाला, "तवा कारभारीनं आमाला हाक मारली," आणि पुढं गेला.

हाक मारली! मी काय ओरडलो ते त्यानं ऐकलं होतं. माझी लाज राखायला त्यानं ते गाळलं. गोष्ट त्यानं घेतली होती, गाठ घेतली होती, बुवा घेतले होते, आता चांगुलपणाही त्यालाच. हे मात्र मला सहन होईना. मी स्टुलावर उभा राहिलो.

"हाक न्हाई मारली," मी म्हणालो. "मी बैलाला हात जोडून म्हनलो, अहो पवळेराव, तुमी वडीलधारी मान्सं, आमचं चुकलं, मागं नका येऊ!"

मग जे हसणं सुटलं ते चहावाल्यापर्यंत गेलं. बन्सी मशीनवर पडला. गहिनीनाथ तर भिंतीला धरून उभा होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो मला खूण करत होता, परत म्हण, परत म्हण.

तेव्हापासून गोष्ट तोच सांगतो. सातव्या खेपेला आला की थांबतो, माझ्याकडं बघतो, आणि मी उठून माझं वाक्य म्हणतो. पाथर्डीच्या बाजारापासून लोक ते ऐकायला येतात. एवढं एक वाक्य आहे, पण ते माझं आहे.

गेल्या शुक्रवारी मी उठायच्या आत ते आसारामनं म्हटलं. आता मी सदरे पाथर्डीला शिवायला टाकतो.